अच्युतरावांना ऐकू आलेला आवाज

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण आपली मृदुला पुन्हा जोडली गेली!” अच्युतराव स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले. वाघाला चहा पाजल्याची थापही त्यांनी कॉलनीच्या गळी उतरवली होती.

मंगळावर जाणारा प्रत्येकजण आपली नाडी घरच्या कॉम्प्युटरला जोडून जाई. काल पेनड्राइव्ह काढल्यावर येतो तसा आवाज आला आणि पडद्यावरून लेकीची नाडी पुसली गेली. अच्युतरावांनी प्रिंटर काढून पाहिला, माउस काढून पाहिला, केबल बदलली. घरात बिघाड कुठेच नव्हता.

“मघाशी तू कणीक मळत होतीस ना, तेव्हाच जोडल्याचा आवाज आला. असा खणखणीत, की समोरच्या सावंतांचा कुत्रा शेपूट घालून पळाला!”

“मग पडद्यावर का दिसत नाही?” शालिनीबाईंनी विचारलं.

“दिसेल गं. मंगळ काय शेजारी आहे?”

शालिनीबाईंनी गॅस बंद केला. पिठाच्या डब्यामागून कॉम्प्युटरच्या स्पीकरची वायर काढून त्यांनी ओट्यावर ठेवली.

“कालचा तो आवाज मला पुन्हा ऐकवला नसता, म्हणून सकाळीच उपटून आणली. अहो, खोटं बोलताय तुम्ही.”