अर्ध्या मिनिटाचा बाजा

"खिडकीचं गाणं कधी घेतील हो?" वहिदानं तिसऱ्यांदा विचारलं.

"घेतील, नाय तर नाय घेतील," दाऊदभाई म्हणाले आणि रुमालानं मान पुसली. हॉलमध्ये एसी चांगला गार लागत होता.

स्टेजवर 'ब्लू व्हरांडा'चे चौघं वाजवत होते. चौघंही आता सत्तरीचे. एक तर खुर्चीवर बसूनच गिटार वाजवत होता. आवाज मात्र तोच, मऊ. त्यांची इंग्रजी गाणी दाऊदभाईंना कधी नीट कळली नव्हती, पण त्यावाचून काही अडलंही नव्हतं. एका गाण्यात 'विंडो' तेवढं कळायचं, म्हणून ते घरात खिडकीचं गाणं झालं.

तरुणपणापासून ज्यांच्यावर जीव टाकला ते वीस हातांवर गात होते, आणि हा माणूस लाइट जावी म्हणून दुआ मागत होता.

कारण अडतीस वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा क्रांती चौकात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. एका दुपारी वहिदा आली. ओळख नव्हती. ओढणीत गुंडाळलेली 'ब्लू व्हरांडा'ची कॅसेट तिनं काउंटरवर ठेवली. मुंबईला नोकरीवर असलेल्या तिच्या भावानं, बासितनं, ती घरी पाठवली होती. पंधरा दिवसांनी तो अपघातात गेला. तेव्हापासून त्यांची अम्मी त्या कॅसेटला कुणाला हात लावू देत नव्हती.

"अम्मीला न सांगता आणलीय. एक कॉपी काढून द्या. संध्याकाळपर्यंत जागेवर ठेवायचीय," ती म्हणाली होती.

त्यांनी कॅसेट हातात घेतली. टेप गच्च, नीट गुंडाळलेली होती. वापरणारी माणसं काळजीवाली आहेत, असं त्यांच्या मनात आलं. ती गेल्यावर त्यांनी कॅसेट डेकमध्ये टाकली. दोन गाणी सुरळीत गेली. तिसऱ्यात खिडकी आली आणि मशीननं टेप खाल्ली. बाहेर काढेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याचा चोळामोळा झाला होता. मेलेल्या पोराची आठवण त्यांच्या मशीननं चावून टाकली होती.

तशी दुसरी कॅसेट शहरात कुठं मिळत नव्हती. त्यांनी खराब तुकडा कापला आणि तेवढीच कोरी टेप चिकटवली. मग दुकानाचं शटर ओढून खिशातला बाजा काढला, तोंडानं वाजवायचा, आणि सुचेल ती धून त्या अर्ध्या मिनिटात भरून टाकली. संध्याकाळी वहिदानं दुकानातच गाणं लावायला सांगितलं. बाजा वाजला तशी ती रडायला लागली. भावाची आठवण आली, असं दाऊदभाईंना वाटलं. दोन महिन्यांनी त्यांच्या घरून रिश्ता गेला, तर तिनं लगेच हो म्हटलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बँड मोडला, कंपनी बुडाली, गाणी मोबाइलवरही कुठं आली नाहीत. अम्मी तोच बाजा ऐकत सुखानं गेली. नात गजाला तर ती धून शिट्टीवर वाजवायची. आणि आता इतक्या वर्षांनी ते चौघं पुन्हा एकत्र आले, तर गजालानंच हौसेनं ही तिकिटं काढून दिली होती.

दाऊदभाईंनी गुडघ्याचं निमित्त केलं, पडेगावहून यायला रिक्षा मिळत नाही म्हणाले. वहिदा ऐकेना. "मेले तरी चालंल, ते गाणं ऐकूनच मरंन," म्हणाली. एरवी ती हट्ट करणारी बाई नव्हती.

"गर्दी व्हायच्या आधी निघू या का?" आता त्यांनी हळूच विचारलं. "तुझा हात लई गार पडलाय."

"नक्को."

"घरी जाऊन कॅसेट लावू की."

"अजी, तुम्ही गप बसा जरा."

खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं गिटारीच्या तारा जुळवल्या. पहिल्या सुरालाच वहिदा ताठ बसली. खिडकीचं गाणं. दाऊदभाईंनी खाली, स्वतःच्या चपलांकडे बघितलं. एक कडवं झालं, दुसरं झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्यांना सगळा हॉल आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. मग ती जागा आली.

बाजा नव्हताच. गाणारा नुसता गिटारीवर, अगदी हळू, दोन ओळी म्हणत होता. दाऊदभाईंनाही त्या ओळी नव्या होत्या. अर्धं मिनिट सरता सरेना.

त्यांनी चोरून बघितलं. वहिदाचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांना लाज वाटली, फार लाज वाटली. आता लपवून काय उपयोग होता?

टाळ्यांच्या आवाजात ते तिच्या कानाशी वाकले. "वहिदा, तो बाजा... बासितच्या कॅसेटमधला..."

"तुमचा होता. माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या दुकानातच कळलं."

"मग बोलली का नाय? भावाची चीज खराब केली मी. एवढी वर्षं मी... मला दोन शिव्या तरी द्यायच्या."

वहिदानं ओढणीनं तोंड पुसलं. स्टेजवर पुढचं गाणं सुरू झालं होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कोणत्या तोंडानं देणार होते?" ती म्हणाली. "आदल्या रात्री घरच्या टेपमध्ये ती मीच तोडली होती. तुटली तिथं चिकटवली, पेन्सिल घालून गच्च गुंडाळली आणि तुमच्याकडं आणली, म्हणजे अम्मीपुढं नाव तुमच्यावर जाईल."