सुनेच्या नावाचा कागद

“रात्री झोप लागते का?” आरोग्यसेविकेने विचारलं. प्रश्न सुनेला होता. उत्तर सासूने दिलं.

“कसली झोप! सकाळपर्यंत डोळे टक्क उघडे असतात.”

सेविकेने सुनेकडे पाहिलं. सून मांडीवरच्या बाळाला गुदगुल्या करत होती आणि बाळापेक्षा जास्त स्वतःच हसत होती. चेहरा असा टवटवीत, की नुकतीच गाढ झोपून उठली असावी. “माझं सगळं आईंना ठाऊक आहे, त्यांनाच विचारा,” असं तिने सेविका आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

दोन वर्षं सेविका या वस्तीत नव्या आयांना मनाविषयीचे हे नऊ प्रश्न विचारत फिरत होती. सुनेला बोलू न देता स्वतःच बोलणाऱ्या सासवा तिला नव्या नव्हत्या. पण त्या सगळ्या एकच पाढा म्हणायच्या: आमच्याकडे सगळं छान आहे, पुढच्या घरी जा. ही बाई मात्र सुनेचं एकेक दुखणं हलक्या हाताने बाहेर काढत होती. भूक? मेली आहे. रडू? भांडी घासताना येतं, तेव्हा कुणी तोंडाकडे बघत नाही ना. सेविकेचं डोकं चक्रावलं. सुनेला वेडी ठरवून माहेरी धाडायचा डाव तर नाही हा? की सूनच वरवर हसतेय? दोघींतली कोण खरी, काही केल्या कळेना.

कळायला तर हवं होतं. समुपदेशक बाई दवाखान्यात महिन्यातून एकदाच यायच्या. उद्याच्या यादीत एकच जागा उरली होती, आणि ती चुकीच्या बाईला गेली तर जिला गरज होती ती आणखी महिनाभर तशीच राहणार होती.

शेवटच्या प्रश्नाला सेविकेचा आवाज नेहमीच खाली यायचा. “जगून काय करायचं, असं वाटतं का?”

सासू एका खानावळीसाठी मजुरीवर लसूण सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

“पोर गेली तेव्हापासून रोज,” ती म्हणाली. मग एकदम उठली. “चहा टाकते हं,” म्हणत आत निघून गेली.

सेविका गोंधळली. सुनेच्या मांडीवर तर मुलगा होता, चांगला गुटगुटीत.

“कुणाची पोर?”

“माझी नणंद. तापाने गेली, वर्ष झालं.” सुनेचं हसू कुठल्या कुठे गेलं. ती पुढे सरकली, आवाज दाबून म्हणाली, “आई स्वतःविषयी चकार शब्द काढत नाहीत, ताई. किती विचारलं! माझ्या नावावर मात्र सगळं बोलतात. तुम्ही येणार कळलं, तेव्हाच ठरवलं मी. उद्याची जागा मला द्या.”

सेविकेला पेन कुठे टेकवावं सुचेना. “अगं, पण उद्या बाईंसमोर तू बसणार ना?”

“एकटीला भीती वाटते म्हणून आईंना सोबत आणेन. आणि आत गेलो, की बाळ रडायला लागेल. मी त्याला घेऊन बाहेर थांबेन.”