अर्धी मात्रा

आचलनं स्पीकर लावला अन् तिळगुळाचा डबा फिरवता फिरवता आशाबाई जागीच थांबली. गाणारा आवाज रुख्मिणीचा होता, बावीस वर्षांपूर्वीचा. आणि त्यामागं वाजत होती ती आशाबाईची खंजेरी.

अकोल्याच्या भजन स्पर्धेतली ती कॅसेट. शेवटच्या कडव्यात रुख्मिणीनं चाल वाढवली, आशाबाईची खंजेरी अर्धी मात्रा मागं पडली, ती शेवटपर्यंत मागंच राहिली. पहिला नंबर गेला. आशाबाईनं खंजेरी पेटीत घातली ती कायमची. रुख्मिणीनं तो विषय मात्र कधी पेटीत घातला नाही. अमरावतीत दर संक्रांतीला कोणाच्या तरी हळदीकुंकवात दोघींची गाठ पडे, अन् तिळगूळ घेता घेता ती हमखास विचारी, "पोचली का वं आशा, तुही खंजेरी?"

आज हळदीकुंकवाला रुख्मिणी आशाबाईच्याच घरी आलेली, आणि सुनेनं, आचलनं, नेमकी तीच कॅसेट हुडकून काढलेली. आठ महिन्यांची नवी सून, अकोल्याची. दिवसभर कानात इअरफोन घालून एका गाण्यात दुसरं गाणं मिसळत बसायची. आशाबाई त्याला खिचडी म्हणायची.

"बंद कर वं ते," आशाबाई कळवळून म्हणाली.

"आई, थोडं थांबा ना."

भजनाखाली वरातीतलं डीजेचं गाणं सुरू झालं. धाड, धाड, मग जराशी मोकळी जागा. पुन्हा धाड, धाड, मोकळी जागा. वर रुख्मिणीनं चाल वाढवली. आशाबाईनं डोळे गच्च मिटले. खंजेरी मागं पडली, आणि थेट त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. पुढच्या फेरीत पुन्हा तिथंच. बसलेल्या बाया डोलायला लागल्या.

"कॉम्प्युटरनं सरकवली असन," रुख्मिणी म्हणाली.

"नाही मावशी. सरकवला तो तुमचा आवाज, वेगळा काढून, थोडासा. आईच्या खंजेरीले मी हातबी नाही लावला. तिच्यासाठी गाणं शोधलं. चाळीस गाणी ऐकली, तवा हे सापडलं."

चाळीस गाणी. सासूच्या एका चुकीला बसायला जागा मिळावी म्हणून. आशाबाईनं करंडा उघडला आणि मघाशीच लावलेल्या कुंकवावर सुनेला पुन्हा कुंकू लावलं.

"परत लाव बरं," रुख्मिणी म्हणाली.

गाणं परत लागलं. चाल वाढली तशी रुख्मिणीनं सवयीनं टाळी धरली, पण ती धाड-धाडमध्येच हरवून जाई. तिनं इकडंतिकडं पाहिलं. आशाबाईची बोटं डब्याच्या झाकणावर पडत होती, जराशी उशिरा, अगदी नेमकी. रुख्मिणी अर्धी मात्रा थांबली. मग तिनं टाळी दिली.

आशाबाईनं डबा तिच्यापुढं धरला.

"पोचली का वं रुख्मिणी?"