कल्हई राहून गेलेलं पातेलं

तांबं म्हणजे काय हे कळणारा बगदादमधला शेवटचा माणूस आपण आहोत, असं उस्ता नाजी या जुन्या तांबटाचं ठाम मत होतं. त्या शेवटच्या माणसाला आज बायकोने हातात चहाची गाळणी देऊन कोळंब्या पकडायला बसवलं होतं.

काचेच्या टाकीतल्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले होते. सकाळी गझिलच्या पशुपक्ष्यांच्या बाजारात मासेवाल्या मुहन्नदने औषधाची बाटली दिली आणि वर ताकीद दिली : आधी कोळंब्या बाहेर काढा, नाहीतर एक उरणार नाही.

मासे गेले असते तर उस्ताने मनाला लावून घेतलं नसतं. पण कोळंब्या लेकीच्या होत्या. रफल स्वीडनमध्ये माल्मोला गेली आणि तिथेच परस्पर लग्न करून मोकळी झाली, तेव्हापासून बापलेकीला बोलायला एवढाच विषय उरला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ती फोनवर विचारायची, "बाबा, माझ्या लाल पोरी कशा आहेत?" उस्ता फोन टाकीसमोर धरायचा आणि आपण फोनच्या मागे उभा राहायचा. कोळंब्या पाहून झाल्या की बोलणं संपायचं.

"न्हाणीत प्लास्टिकची बादली आहे," बायको म्हणाली. "त्यात ठेवा."

"लेकीची ठेव बादलीत ठेवू? मी काय मेलोय?"

"भांडी घासायची वेळ आली की असताच की."

उस्ताने कपाटावरचं पातेलं खाली काढलं. रफलच्या लग्नाच्या भातासाठी त्याने ते स्वतःच्या हाताने ठोकलं होतं. तो भात काही शिजला नाही, त्यामुळे आतून कल्हई करायचीही राहून गेली. आज त्याने ते लिंबाने घासून घासून असं लखलखीत केलं, की नखाएवढ्या कोळंब्या त्यात सोडल्यावर आणखीच लाल दिसू लागल्या.

"बघ," तो म्हणाला. "राण्या आहेत राण्या."

मग त्याने टाकीत औषध ओतलं आणि जेवून आडवा झाला.

ऊन कलल्यावर राण्याही आडव्या झाल्या होत्या.

"झोपल्यात," उस्ता म्हणाला.

"पाय वर करून?"

त्याने मुहन्नदला फोन लावला. "औषधाचा थेंब लागू दिला नाही रे. हात तीनदा धुतले. तरी गेल्या."

"ठेवल्या कशात होत्या, उस्ता?"

"तांब्याच्या पातेल्यात. माझ्या हातच्या."

पलीकडे मुहन्नदने आधी ओरडणाऱ्या पोपटांना गप्प केलं.

"उस्ता," मुहन्नद म्हणाला, "त्या बाटलीत दुसरं काय आहे? तांबंच आहे. माशांना झेपतं, कोळंबीला नाही. म्हणून तर बाहेर काढा म्हटलं."

उस्ताने फोन खाली ठेवला. टाकीत मासे इकडून तिकडे फिरत होते. बायकोने गाळणीने एकेक कोळंबी वेचली आणि अंगणातल्या नारिंगाच्या बुंध्याशी पुरली. हात धुऊन ती परत आली तेव्हा उस्ता पातेल्यासमोर तसाच बसला होता.

"रफलला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी कशाला सांगू? कोळंब्यांचं बोलणं तुमच्याशी असतं."

तेवढ्यात शुक्रवारचा फोन वाजला.

"बाबा, माझ्या लाल पोरी?"

उस्ताने फोन हातात घेतला, तो टाकीकडे नेला आणि मध्येच वर उचलला. "पानांमागे बसल्यात," त्याने सुरुवात केली. "उन्हाळा आहे ना. कोळंबीची जात मुळात मानी. कात टाकायची असली की कुणाला तोंड दाखवत नाही. त्यात मासे आजारी. मीच म्हटलं, असू दे, आठवडाभर कुणी त्रास देऊ नका. तशा खाऊनपिऊन चांगल्या आहेत. मागच्यापेक्षा जाड झाल्यात..."

तो बोलत राहिला. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"बाबा," रफल म्हणाली, "फोन जरा खाली धरा ना. तुम्ही दिसतच नाही, मला नुसता पंखा दिसतोय."