फुलोऱ्याची वही

"सगळी कलमं वेळेआधी फुलली, काका," संशोधिका म्हणाली. "मागून थंडी आली. एक फूल वाचलं नाही."

निवृत्त वनरक्षक खिडकीशी बसून ऐकत राहिले. मांडीवर वही होती. टेकडीवरच्या एका रानझाडाला दरवर्षी पहिलं फूल कधी आलं, याची बत्तीस वर्षांची नोंद. आधीच्या पानांवर, ऊन वाढत गेलं तशी तारीख आधी आधी सरकत गेलेली. गेली अकरा वर्षं मात्र ती एखाद्या दिवसापलीकडे हललेली नव्हती.

चार वर्षांपूर्वी तिने वही मागितली, तेव्हा काकांनी एकदा बायकोकडे पाहिलं होतं आणि मुकाट्याने वही पुढे केली होती. 'ही जात बदलत्या हवेला सरावली आहे, आता वेळेआधी फुलत नाही,' असं तिने अहवालात लिहिलं. त्या एका वाक्यावर विसंबून टेकडीखालच्या नऊ घरांनी जुन्या बागा तोडल्या आणि याच जातीची कलमं लावली.

"आपल्या झाडाचं कुठे काय बिघडलंय?" काकू पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या. "फुललं की चांदणं सांडल्यासारखं दिसतं."

"हिचं माहेरच आहे ते," काका हसले. "गेली की लवकर परतत नाही."

"तुमच्या गुडघ्यांनी संप केलाय. मग जायचं कुणी?"

"मला ते झाड बघायचंय," संशोधिका म्हणाली.

काकूंचा हात तांब्यावरच राहिला. "वाट फार चढाची आहे गं." पण ती निघाली, तशा त्याही मागोमाग आल्या.

माथ्यावर झाड नव्हतं. करडा, भुसभुशीत झालेला बुंधा होता. काकू त्याच्यावर टेकल्या, रोजची जागा असल्यासारख्या.

"वीज पडली. यांचे गुडघे गेले, त्याच वर्षी. एका वर्षात दोन दुःखं कशी सांगायची? म्हटलं, पुढच्या वर्षी सांगू. मग दरवर्षी तीच तारीख सांगत गेले, एखादा दिवस इकडे-तिकडे." त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला. "त्यावर कुणाच्या बागा उभ्या राहतील, हे कुठे ठाऊक होतं? तू अहवालात काय ते खरं लिही, बाळ. यांना तेवढं कळू देऊ नकोस. त्या वहीवर जगतात ते."

परतल्यावर काकू आत हातपाय धुवायला गेल्या. काकांनी संशोधिकेला जवळ बोलावलं.

"बुंधा पाहिलास?"

तिने आतल्या दाराकडे पाहिलं.

"झाड फुललं की वास थेट या खिडकीत यायचा," काका हळूच म्हणाले. "अकरा वर्षं आलेला नाही. तू वही मागितलीस, तेव्हाच सांगायला हवं होतं, पोरी. पण ही समोर बसली होती."