उताराचं गाणं

जव्हारहून दाभोशाला जाणारी जिवा ड्रायव्हरची जीप उताराला लागली की तेच जुनं गाणं वाजायचं, आणि आत कोंबलेली पंधरा माणसं घसा ताणून गायची. बोळक्या तोंडाची रखमीआजीसुद्धा. शाळेत नव्याने रुजू झालेल्या चंदामॅडमना महिनाभरातच त्याचा वीट आला.

"जिवाभाऊ, एखादं नवीन गाणं नाही का?"

"नवीन लावला का मान्सा नुसती आयकत बसतात, मॅडम. जुना सगळ्यांना पाठ. सगळी गातात."

हे उत्तर मॅडमना इतकं आवडलं की त्यांनी ते परिपाठाला मुलांनाही सांगितलं.

आज मात्र त्या हट्टालाच पेटल्या. जिवाने नाइलाजाने यंदाचं गाजलेलं गाणं लावलं. शब्द कुणालाच येईनात, जीप गप्प झाली. पहिल्या वळणावर जिवाने ब्रेक दाबला, तसं पायाखाली लोखंडावर लोखंड करकरलं. वेग उतरला, पण फार उशिरा, अगदी दरीच्या कडेला. मॅडमनी दचकून सगळ्यांकडे पाहिलं. दुसरं कुणीच दचकलं नव्हतं.

जिवाने पुन्हा जुनं गाणं लावलं. रखमीआजीने मॅडमचा हात घट्ट धरला.

"गा बाय," ती म्हणाली. "अजून तीन वळणां आहेत."