कमळाकरची साक्ष

"नुसत्या विश्वासानं तारण मिळत असतं, तर सगळे चोर कधीच स्वर्गात जाऊन बसले असते," सरस्वती म्हणाली, आणि बुधवारच्या प्रार्थनेला जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या.

कामोठ्यातल्या त्या भाड्याच्या गाळ्यात तिच्याइतकी बायबलची वचनं कुणाला पाठ नव्हती. पास्टर तिला मंडळीचं भूषण म्हणायचे. भूषण कसलं! ती प्रभूसाठी आलीच नव्हती. ती आली होती कमळाकरसाठी.

कमळाकर पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात सुपरवायझर होता. तिथं आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. दोन पोरं गेली. एक तळवलीच्या येसूबाईंचा दीपेश, दुसरा सरस्वतीचा एकुलता एक शिवतेज. कुलूप कुणी घातलं ते पोलिसांना कळलं नाही, किल्ली सापडली नाही, आणि कमळाकर "मला माहीत नाही" एवढ्यावर मोकळा सुटला. आगीत त्याचे दोन्ही हात भाजले होते. सरस्वतीला ते फारच कमी वाटलं.

मग तो येशूला मानणारा, विश्वासी झाल्याचं तिच्या कानावर आलं. आपल्या पोराला जाळून हा माणूस रविवारी टाळ्या वाजवत गाणी म्हणतो, माझी पापं धुतली गेली म्हणतो, हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. धुतली गेली? कुणाला विचारून?

वकिलानं सांगितलं होतं, चारचौघांत त्याच्या तोंडून कबुली आली तर केस पुन्हा उघडता येईल. आणि ही माणसं तर दर रविवारी चारचौघांत उभं राहून आपली पापं सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. सरस्वतीला तेवढं पुरेसं होतं. ती मंडळीत दाखल झाली. आडनाव सांगितलं नाही, पोराचा विषय काढला नाही. कमळाकर तिला सगळ्यांसारखंच मावशी म्हणायचा, तिची खुर्ची पुसून द्यायचा, पाणी आणून द्यायचा. त्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नसे, तरी ती हसून प्यायची.

त्यानं साक्षी दिल्या. दारूची दिली, बायकोवर हात उचलल्याची दिली, भावाची जागा लाटल्याची दिली. कारखान्याचं नाव काही निघेना.

"मनात काही राहिलंय का रे बाबा?" एकदा तिनं गोड आवाजात विचारलं.

"राहिलंय, मावशी. पण ते प्रभूला सांगून झालंय."

"प्रभूला सांगायला काय लागतं? तो थोडाच पोलीस स्टेशनला जातो? माणसांसमोर सांग."

कमळाकर हातांवरच्या चट्ट्यांकडे बघत राहिला. "सांगितल्यानं दुसऱ्या कुणाचा जीव तुटणार असेल तर?"

"दुसऱ्याचं टेन्शन तू कशाला घेतोस? पश्चात्तापाशिवाय तारण नाही."

पळपुटा मेला, तिनं मनात म्हटलं.

घरी आली की ती शिवतेजच्या फोटोसमोर बसायची. असा पोरगा शोधून सापडला नसता. त्याला नुकतंच शिफ्टचा इन्चार्ज केलं होतं. पोरं कामाच्या वेळेत बिडी ओढायला मागनं पळतात म्हणून जेवताना चिडचिड करायचा. मी असताना हे चालू देणार नाही, म्हणायचा. त्या शिस्तीचं तिला केवढं कौतुक! आणि तो राख झाला, हा जिवंत. कमळाकर जेलमध्ये सडताना बघायचा, मगच आपण मरायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

कमळाकरचा बाप्तिस्मा ठरला, तेव्हा तिनं पास्टरांना गाठलं. "पोटातलं पाप बाहेर न काढता पाण्यात उतरला, तर नुसती आंघोळ होईल त्याची."

पास्टर विचारात पडले. "बाई, पापाकडे पाठ फिरवणं हा पश्चात्ताप, आणि प्रभूकडे तोंड करणं हा विश्वास. माणूस वळला की दोन्ही एकदमच होतं. पण तुमचंही खरंय. काही दडवू नको, असं सांगतो त्याला."

रविवारी गाळ्यात लहान मुलांचा फुगवायचा टब भरून ठेवला होता. त्याच्या तळाशी कार्टूनमधले मासे हसत होते. पास्टरांचा मोबाइल स्टँडवर लावून सगळं लाइव्ह दाखवायची सोय होती. सरस्वतीनं साताऱ्याकडच्या सगळ्या भावकीला बघायला सांगून ठेवलं होतं. येसूबाईंना तर तिनं तळवलीहून मुद्दाम बोलावून आपल्या शेजारी बसवलं होतं.

"मना तुमच्या देवाचा काय कलत नाय," येसूबाई कुजबुजल्या. "माज्या दीपेशला कोनी कोंडला, तवरा आयकाचा हाय."

"आज ऐकाल," म्हणत सरस्वतीनं त्यांचा हात हातात घेतला.

कमळाकर पांढऱ्या कपड्यांत पुढे आला. टबाशी थांबला आणि तिच्याकडे वळला.

"मावशी, सांगू?"

"सांग."

"नक्की?"

"सगळं सांग. काही ठेवू नकोस." इतका आनंद तिला शिवतेज गेल्यापासून झाला नव्हता.

"मी पोलिसांशी खोटं बोललो," कमळाकर म्हणाला. सरस्वतीनं येसूबाईंचा हात घट्ट दाबला. "किल्ली सापडली होती. पोरांना काढायला मी आत घुसलो, तेव्हा दीपेश मागच्या दाराला टेकून पडला होता. दुसरा दार उघडायला धावताना मधेच धुरात कोसळला होता. किल्ली त्याच्या मुठीत होती. कुलूप त्यानंच घातलं होतं, पोरांनी बिडीसाठी बाहेर जाऊ नये म्हणून. पोलीस यायच्या आधी मी ती किल्ली काढून घेतली आणि खाडीत टाकली. म्हटलं, मेलेल्या पोराच्या नावाला बट्टा नको. त्याच्या आईला माणसांत तोंड दाखवता यायला हवं. येसूबाई, तुमच्यापासून मी खरं लपवलं. हेच माझं पाप."

मग तो सरस्वतीसमोर गुडघ्यांवर बसला.

"शिवतेजच्या आई, तुम्हाला मी पहिल्याच रविवारी ओळखलं होतं."